पट्टीच्या कडेनं

धाकटी जाऊ कुणाचं ऐकेल तर शपथ! फुटपाथवर नवीकोरी पिवळी पट्टी घातलेली, उठावाच्या रेघांची, न दिसणाऱ्याला पायाखाली वाट कळावी म्हणून. आणि ही बाई चालते कुठून? तर पट्टीच्या शेजारून! काठीचं टोक तेवढं रेघेला लावायचं, पाय मात्र गुळगुळीत फरशीवर.

थोरलीच्या जिवाची नुसती घालमेल चालली होती. काचबिंदूनं धाकटीची नजर गेली, तेव्हापासून थोरलीच तिला हाताला धरून शिवणाच्या दुकानात पोचवायची. तिथे ती बोटांच्या अंदाजानं शर्टांना बटणं लावायची. आता बाईसाहेबांना एकटीनं जायचं होतं. काठीनं चालायला शिकवणाऱ्या मॅडमही म्हणाल्या, जमेल. थोरलीनं अट घातली होती, "आज जा एकटी. कुठे धडपडलीस, तर पुन्हा हा विषय काढायचा नाही."

अट घातली खरी, पण घरात पाय ठरेना. शेवटी चपला अडकवून ती गुपचूप मागोमाग निघाली.

धाकटी झपझप पुढे. एवढं काय खुपतं हिला, म्हणून थोरली स्वतःच पट्टीवर चढली. पाऊल कधी रेघेवर, कधी खाचेत; गुडघा कुरकुरायला लागला. डोळे मिटून पाहिलं, तर तोलच जायला लागला.

"आजी, झोपेत चालताय का?" समोरून कुणीतरी विचारलं.

"तू जागा आहेस ना? मग हो बाजूला!"

डोळे उघडले तर काय, धाकटी पट्टी सोडून पार रस्त्याच्या कडेला! पलीकडे गाड्या धडधडत होत्या. थोरली ओरडली,

"अगं, पट्टीवर ये!"

थोरलीच्या हाकेसरशी हलायची इतक्या वर्षांची सवय. आवाज आला तशी धाकटी सटकन आत सरकली आणि पट्टीवर आडव्या लावलेल्या मोटरसायकलवर आदळली. काठी एकीकडे, ती एकीकडे.

थोरली धापा टाकत पोचली.

"तुम्ही मागे होतात, जाऊबाई?"

"दूध आणायला निघाले होते."

"या रस्त्यावर? दूध?" धाकटी नडगी चोळत म्हणाली. "चाकाला काठी लागली होती माझी. वळसाच घालत होते. तुम्ही ओरडलात."

"मुळात पट्टीवरून चालायला काय होतं तुला?"

"सारखं टोचतं, पाय डुगडुगतो, चाल मंदावते. काठीनं रेघ कळली की पुरे. रस्ता ओलांडायच्या आधी ठिपक्यांच्या फरशा येतात, त्या मात्र पायाखाली घेते, थांबायचं कळतं."

"हे घरी बोलायला तोंड नव्हतं?"

"बोलले की. तुम्ही तेव्हा मला पट्टीचे फायदे सांगत होता."

थोरलीनं काठी उचलून तिच्या हातात दिली. धाकटीचा चेहरा एवढासा झाला. तिनं काठीची घडी घातली आणि दुसरा हात पुढे केला.

"धरा. धडपडले ना मी. अट ती अट."

थोरली पदर खोचून म्हणाली,

"हात घे खाली. धडपडलीस ती माझ्या तोंडापायी, ते मी धरत नाही. तू हेकट आहेस, उलट बोलतेस, आणि चालतेस मात्र बरोबर. उघड ती काठी आणि नीघ. उद्याही एकटीच जायचंस. मी नाही येत पुढे, मला आधी या मोटरसायकलवाल्याला गाठायचंय!"