म्हैस दहा फूट खाली चरत नाही
आमची रतन म्हैस मेली तेव्हा पोलादपूरहून आलेल्या जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट उघडून मला आत काय होतं ते दाखवलं. बोटाएवढे तारेचे तुकडे. एक तर थेट काळजात घुसला होता. आमच्या वाडीच्या वर, गुरं चरतात त्या माळावर मोबाईलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा सळया बांधायला आणलेली ती तार. कापायची आणि उरलेला तुकडा गवतात भिरकावायचा, ही त्या लोकांची काम करायची रीत.

टॉवरवाल्यांचा सुपरवायझर यशराज. त्याला धरलं, तर तीन माणसं आणि एक लोहचुंबक घेऊन आला आणि अर्ध्या तासात माळ साफ झाला म्हणून सांगून गेला. वर म्हणाला, तार काय, कुठूनही येते. गोठ्यात दुसरी म्हैस चंद्री गाभण, सातवा महिना. वैरण संपत आलेली. सोडावी तर तार खाणार, बांधावी तर उपाशी राहणार. माझ्या सासूबाई, विठाबाई, तिच्या तोंडावरून हात फिरवायच्या आणि माझ्याकडे बघायच्या.

मग मी धातू शोधायचं यंत्र घ्यायचं ठरवलं. माझा भाऊ हर्षद महाडच्या एमआयडीसीत गेटवर तपासणीला असतो. त्यानं बजावलं, आपल्या तांबड्या मातीत मुळातच लोखंड असतं, तेव्हा माती बरोबर ने आणि तिच्यावर वाजवून बघितल्याशिवाय काही घेऊ नकोस. मी माळावरची पिशवीभर माती आणि रतनच्या पोटातला एक तुकडा घेऊन महाडला गेले.

दुकानदारानं मला पाहिलं, मातीची पिशवी पाहिली आणि डोळे मिचकावले. गडाच्या आसपासची बाई, म्हणजे मोहरांचा हंडा शोधणार, हे त्यानं धरूनच टाकलं. सगळ्यात झगमगीत यंत्र पुढे केलं. हे दहा फूट खालचं सोनं दाखवतं आणि लोखंडाकडे ढुंकूनही बघत नाही, म्हणाला.

"मला लोखंडच हवंय," मी म्हटलं. "आणि म्हैस दहा फूट खाली चरत नाही."

त्याच्याच काउंटरवर पेपर अंथरून मी माती ओतली. मग ते झगमगीत यंत्र लोखंडासकट सगळे धातू पकडेल असं लावायला सांगितलं. नुसत्या मातीवर ते बोंबलत सुटलं. दुसऱ्याचीही तीच तऱ्हा. तिसरं दिसायला अगदी साधं, वीतभरच खोल बघणारं. पण त्याला मातीशी जुळवून घ्यायची एक चावी होती. ती फिरवत दुकानदारानं ते चारदोनदा खालीवर केलं आणि यंत्र गप्प झालं. मी मातीत तुकडा पुरला. आता तेवढ्याच जागी वाजलं. तेच घेतलं.

आठ दिवस मी माळ पिंजून काढला. येताजाता लोक विचारायचे, हंडा लागला का. मी त्यांना बादली दाखवायची. ती तारेनं भरत चालली होती.

नवव्या दिवशी काम पुरं झाल्याच्या कागदावर सरपंचांची सही घ्यायला यशराज माळावर आला. मी बादली त्याच्या पुढ्यात ओतली. जमलेल्या सरपंचांसमोर आणि वाडीसमोर तो हसला.

"वहिनी, इथल्या मातीतच लोखंड आहे. इथे कुठलंही मशीन वाजणार. ही तार तुम्ही कुठूनही गोळा केली असेल."

मी यंत्र त्याच्याच हातात दिलं. तो वीस पावलं चालला. तांबड्या मातीवर यंत्र हूं की चूं करेना. त्याचं हसू जरा कमी झालं.

तेवढ्यात विठाबाई चंद्रीला घेऊन आल्या. पूर्वी तीही रतनबरोबर याच माळावर चरायची. त्यांनी तिच्या गळ्यातली घंटा सोडून माझ्याकडे दिली.

"हिच्यावर फिरव रे," त्या म्हणाल्या.

उजव्या अंगाला काही वाजलं नाही. डाव्या अंगाला, पुढच्या पायामागे, यंत्र वाजलं. त्यानं ते बाजूला घेतलं, पुन्हा धरलं. पुन्हा वाजलं. मी आठ दिवस माळ साफ करत होते आणि तार हिच्या पोटात आधीच जाऊन बसली होती.

विठाबाईंनी यशराजचा हात धरून चंद्रीच्या पोटावर ठेवला. आत रेडकू हललं, तसा तो दचकला.

"सांग आता. ही पण मातीच हाय?"

सरपंचांनी कागद सही न करता परत दिला. खाली रस्त्यावर यशराजचा टेम्पो उभा होता. मी चंद्रीचा दोर त्याच्या हातात दिला.

"पोलादपूरला डॉक्टरकडे न्यायची," मी म्हटलं. "रतनच्या पोटातलं मेल्यावर कळलं. हिचं जिवंतपणी कळलंय."

सगळ्या वाडीदेखत यशराज दोर धरून उतारानं चालू लागला. चंद्री गाभण, जपून एकेक पाऊल टाकणारी. त्यालाही तिच्याच चालीनं उतरावं लागलं.