प्रार्थनेतलं भांडण

माझा भाऊ आपेनिसा आणि मी एका आईच्या पोटचे, पण वयात आल्यापासून एकमेकांशी थेट बोललेलो नाही. वाकडं आहे म्हणून नव्हे. कंदावू बेटावर भाऊ-बहीण एकमेकांचा मान असाच राखतात. बोलायचं तर मधे कुणीतरी लागतं. आमच्या मधे वहिनी असते, केलेरा, आणि निरोप पोचवताना ती पदरचा मीठमसाला घातल्याशिवाय राहत नाही. एवढी वर्षं त्याचं मला काही वाटलं नाही. नीसेच्या बाबतीत मात्र हा मान माझ्या गळ्याशी आला.

नीसे त्याची धाकटी लेक, सतरा वर्षांची. गावातली तिच्या वयाची पोरं संध्याकाळी शाळेमागे बसून घरी गाळलेली दारू पितात, आणि ही चर्चकडे निघाली की "आली पाद्रीणबाई!" म्हणून ओरडतात. चर्चमध्ये तरुण मंडळाची सभा मी घेते, तिला पूर्वी बसायला जागा पुरत नसे. आता मी, नीसे, आणि दारातून डोकावणारी कुणाची तरी कोंबडी. एकदा तिने मला विचारलं, "आत्या, एवढी सगळी पोरं चुकीची आणि मी एकटीच बरोबर, असं असतं का कधी?"

उत्तर माझ्याकडे होतं, पण ते साठीच्या बाईचं होतं. तिला ते तिच्या बरोबरीच्यांकडून मिळायला हवं होतं. पलीकडच्या बेटावर चर्चच्या तरुणांचा मेळावा भरायचा होता. मी ठरवलं, काही झालं तरी पोरीला तिथे पोचवायचंच.

"केलेरा, त्याला सांग, सोमवारी नीसेला मेळाव्याला सोडून ये."

आपेनिसा दाराशी जाळं सांधत बसला होता. "तिला सांग, देव इथेही आहे. मासा काय पाणी प्यायला दुसऱ्या समुद्रात जातो?"

"त्याला विचार, मग लग्नाला सात गावचे सोयरे कशाला जमवतो? लग्न तर दोघांचंच असतं!"

वहिनी त्याच्याकडे वळली. "ती म्हणते, तू हट्टी आहेस."

"मी कुठे असं म्हटलं?"

"म्हणणारच होतीस, ताई. मी वेळ वाचवला."

"तिला सांग, नाही म्हणजे नाही," म्हणून आपेनिसा जाळं उचलून निघून गेला.

खरं कारण मला ठाऊक होतं. त्याचा थोरला, सेमी, अशाच एका मेळाव्याला गेला आणि वेगळाच होऊन परतला. पुढे पाद्री झाला. आता सॉलोमन बेटांवर कुठल्याशा डोंगरी गावात असतो, नाताळालाही येणं होत नाही. मेळाव्याने काही होत नाही, असं आपेनिसाला वाटतच नव्हतं. काय होतं ते त्याला पुरतं माहीत होतं, म्हणूनच तो घाबरला होता. मला त्याची कीव यायची आणि रागही यायचा. देवाच्या कामाला गेलेलं पोर म्हणजे काय हरवलेलं पोर?

त्या संध्याकाळी लाकडी ढोल वाजला आणि घरोघरी प्रार्थना सुरू झाली. मी रोजच्यासारखी त्यांच्या चटईवर जाऊन बसले. आरंभ करायची पाळी माझी होती, आणि माझ्या एकदम डोक्यात आलं: प्रार्थना चालू असताना कुणाला उठून जाता येत नाही, आणि मधे तोंडही घालता येत नाही.

"हे प्रभू," मी म्हणाले, "माझ्या भावाला समज दे. तो हट्टी आहे हे तुला काय सांगायचं, तूच घडवलास. त्याला आठवण दे, तरुणपणी तोही त्या शाळेमागेच पडलेला असायचा. मेळाव्यातल्या पोरांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून तुझा धावा केला, तेव्हा सुटला. तेव्हा नाही याला मासा आणि समुद्र आठवला! आमेन."

वहिनीचे खांदे हसू दाबताना हलायला लागले.

आपेनिसाने घसा खाकरला. "प्रभू, माझ्या बहिणीला जीभ देताना तुझा हात जरा सैल सुटला. तिला सांग, एक पोरगा मी तुला दिला, कुरकुर न करता." तो थांबला. "खोटं बोललो, प्रभू. कुरकुर केली. अजून करतो. घरात एकच लेकरू उरलंय. तेवढं राहू दे."

त्याचा आवाज चिरकला. माझा राग तिथल्या तिथे विरघळला, डोळे भरून आले. तरी मी मागे हटणार नव्हते. पण पुढचं बोलायची वेळ माझ्यावर आलीच नाही.

"प्रभू," नीसे म्हणाली, "हल्ली मी इथे बसून नुसते ओठ हलवते. परवा शाळेमागच्या पोरांनी वाटी पुढे केली. मी घेतली."

वहिनीचं हसू थांबलं.

"मला माझ्या वयाचं कुणीतरी तुला मनापासून हाक मारताना बघायचंय. ते एकदा बघितलं की इथे एकटीने उभं राहायला लागलं तरी मी राहीन. बाबा नको म्हणाले तर भांडणार नाही. मी इथेच बसलेली असेन. पण त्यांना सापडणार नाही."

शेवटचं आमेन घरच्या कर्त्याने म्हणायचं असतं. आम्ही माना खाली घालून वाट बघत राहिलो. मला राहवेना, मी एक डोळा उघडला. आपेनिसा डोळे पुसायचंही विसरून लेकीकडे बघत होता.

"आमेन," तो म्हणाला.

सोमवारी समुद्र खवळलेला होता. वहिनी म्हणाली, उद्या जा. आपेनिसाने ऐकलं नाही. तो, नीसे आणि मी होडीतून नखशिखांत भिजत पलीकडे पोचलो. किनाऱ्यावर पोरांचे थवेच्या थवे होड्यांतून उतरत होते, वर मांडवात गाणं सुरू झालं होतं. नीसेने उडी मारली आणि बोचकं घ्यायला हात पुढे केला. आपेनिसाने ते लगेच सोडलं नाही.

"सेमीसारखी लांब गेलीस तरी चालेल," तो तिला म्हणाला. "जवळ राहून हरवू नकोस."

मग त्याने बोचकं तिच्या हाती दिलं, आणि ती वर धावली.