हळदीच्या बोटांची वही

मी एक जुनी वही आहे. माझ्या पुठ्ठ्याचा एक कोपरा पहिल्यापासूनच दुमडलेला, त्यामुळे भोरच्या बाजारात मन्सूरभाईंच्या दुकानात मला कुणी हात लावत नसे. मित्रांनो, दोन दिवाळ्या मी फळीवर धूळ खात काढल्या. मग एक दिवस वेल्ह्याकडच्या एका वाडीवरच्या शाळेतल्या अश्विनीबाई अकरा मुलांसाठी अकरा वह्या घ्यायला आल्या आणि मन्सूरभाईंनी मला वर भेट म्हणून देऊन टाकलं.

कापूरहोळला एसटी बदलून, पिशवीत धक्के खात आम्ही शाळेत पोचलो. बाईंनी मुलांना सांगितलं, शाळेच्या पेटीतलं जे पुस्तक वाचून संपेल त्याचं नाव वहीत लिहायचं, आणि एकूण किती वाचणार तो आकडा आजच पहिल्या पानावर टाकायचा. कुणी शंभर लिहिलं, कुणी पाचशे, एकाने तर हजार. मी तशीच उरले. तेव्हा दारात पळी घेऊन उभ्या असलेल्या धोंडाबाई हळूच म्हणाल्या, "बाई, ती उरल्याली मला द्या की."

धोंडाबाई शाळेत खिचडी शिजवतात. शिक्षण तिसरीपर्यंत, तेही चाळीस वर्षांमागे. त्यानंतर त्यांनी वाचल्या त्या फक्त एसटीच्या पाट्या. पण त्यांनी बाईंचं जेलपेन मागून घेतलं, चुलीपाशी बसल्या आणि माझ्या पहिल्या पानावर सावकाश लिहिलं, पन्नास.

पहिलं पुस्तक सोळा पानांचं होतं. त्याला अकरा दिवस लागले. तांदूळ शिजायला टाकले की त्या मागच्या दारात बसायच्या आणि एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचायच्या. जोडाक्षर अडलं की तिसरीतल्या शेफालीला हाक मारायच्या. शेवटचं पान संपलं तेव्हा आनंदाच्या भरात त्यांनी हातही न धुता मला उचललं. नाव लिहिलं आणि शेजारी हळदीचं पिवळंधमक बोट उमटलं. त्या ओशाळल्या, पदराने पुसायला गेल्या, तर डाग आणखीच पसरला. बाई म्हणाल्या, राहू द्या, हीच तुमची खूण.

तेव्हापासून पुस्तक संपलं की नाव आणि नावाशेजारी हळदीचं बोट. शेवटचं पान झाल्याशिवाय मात्र बोट नाही. एकदा तीन पानं उरली असताना जेवणाची घंटा झाली. मुलं म्हणाली, लावा की मावशी, कोण बघतंय? त्या नाही म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शाळा उघडायच्या आधी येऊन पायरीवर बसून ती तीन पानं वाचली. समोरचे दुकानदार कुंडलिक चिडवायचे, की मावशी वाचायला लागल्यापासून खिचडीत मीठ कमी पडतंय. मावशी हसायच्या आणि पान उलटायच्या. मला त्यांचं फार कौतुक वाटायचं. मुलांच्या हजारांचं काय झालं ते तेवढं विचारू नका.

अशी तीन वर्षं गेली. दसऱ्यापर्यंत एकोणपन्नास बोटं झाली. पुढे दोन आठवड्यांवर वाचन प्रेरणा दिन होता. त्या दिवशी पन्नासावं नाव सगळ्यांसमोर लिहीन, असा शब्द धोंडाबाईंनी मुलांना दिला होता.

दसऱ्याला घरोघर हत्यारं पूजतात. धोंडाबाईंनी पाटावर कोयता ठेवला, आपली पळी ठेवली आणि पळीशेजारी मला ठेवलं. हळदकुंकू लागलं, वर झेंडू आला. मी किती फुगले होते म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी धोंडाबाई शेतावर गेल्या असताना त्यांची सून सोनिया पाट आवरू लागली. सुकलेल्या फुलांखाली तिला पानोपानी हळद लागलेलं हे जुनं बाड दिसलं. पूजेतलं काहीतरी आहे, पायदळी येऊ नये, म्हणून तिने मला निर्माल्यात बांधलं, ओढ्यावर नेलं आणि हात जोडून पाण्यात सोडलं. मित्रांनो, इतक्या भक्तिभावाने मला कुणी बुडवलं नव्हतं.

माझं नशीब, गाठोडं दगडांत अडकलं. धोंडाबाईंनी घरी येऊन वही कुठे म्हणून विचारलं आणि तशाच ओढ्याकडे धावल्या. गुडघाभर पाण्यात उतरून त्यांनी मला छातीशी धरलं. सोनिया काठावर रडवेली होऊन उभी होती.

"आत्या, हळदकुकू बगून मला वाटलं, देवाचं हाय."

"देवाचंच हाय की," धोंडाबाई म्हणाल्या. "पर ते वाचायचं असतंय, सोडायचं न्हवं."

त्यांनी मला चुलीच्या उबेला वाळवलं. सगळी शाई फुटून पानं निळी झाली होती. एकही नाव वाचता येत नव्हतं. हळद मात्र गेली नव्हती. एकोणपन्नास बोटं जागच्या जागी होती.

वाचन प्रेरणा दिनाला यायला त्या तयार नव्हत्या. नुसते डाग काय दाखवू, म्हणाल्या. बाईंनी ऐकलं नाही. मग धोंडाबाई मुलांसमोर बसल्या, पहिल्या डागावर बोट ठेवलं आणि ते पुस्तक सांगू लागल्या. त्यात कोण होतं, काय झालं, आणि मग नाव. आता सहावीत गेलेली शेफाली प्रत्येक नाव डागाशेजारी पुन्हा लिहीत गेली. एक, दहा, तीस. मुलं खिचडीसुद्धा विसरली.

एकतिसाव्या डागावर बोट थांबलं. काही केल्या आठवेना. शेफालीने हळूच सुचवलं, "मावशी, ते विहिरीचं आसंल. लिहू?"

कुणाला कळलं असतं? माझी पानंसुद्धा ते विसरली होती. धोंडाबाईंनी मान हलवली.

"नगं. ह्ये म्या नुसतंच उरकलं आसंल. ऱ्हाऊ दे मोकळं. पेटी पुन्यांदा पयल्यापास्नं वाचते, मग सापडंल."

बाकीचे अठरा त्यांनी न चुकता सांगितले. पन्नासावं नाव त्या दिवशी लिहिलं गेलं नाही, आणि कुणी मागितलंही नाही.

आता तांदूळ चुलीवर चढले की त्या पुन्हा पहिल्या पुस्तकापासून वाचतात आणि वाचलेलं संध्याकाळी सोनियाला सांगतात. मित्रांनो, आम्हा वह्या-पुस्तकांना फुलं वाहू नका, जपून कपाटातही ठेवू नका. जेवता-जेवता, काम करता-करता उघडा. तुमच्या हाताचे डाग पडले तर पडू देत. माझी एकतिसावी ओळ अजून मोकळी आहे. माझ्या सगळ्या पानांत मला तीच ओळ जास्त आवडते.