संवाद चौक

त्या चैत्रापासून कडुनिंबाचा वास आला की कौतिक सर नाकाला रुमाल लावायचे, आणि त्याला कारणही तसंच होतं.

धुळ्याबाहेरच्या माळावर कॉलेजचा नवा परिसर उभा राहिला, तेव्हा सावली म्हणून दोनच कडुनिंब होते. पोरांनी बुंध्याभोवती दगड रचून पार केला. मुलं-मुली तिथंच डबे सोडायची, भांडायची, परीक्षेचं रडगाणं गायची. चाळीसगावकडून पॅसेंजरने येणारी पुष्पा तास संपले की परतीच्या गाडीपर्यंत त्याच पारावर असायची. प्रवेशाच्या दिवशी तिचे वडील, भिकनआबा, फाटकातच अडून बसले होते. पोर कुठं बसेल, कुणात बसेल, एवढीच त्यांची काळजी. कौतिक सरांनी त्यांना पार दाखवला. पोर चार जणांत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसेल, असा शब्द दिला. तेवढ्यावर आबा राजी झाले.

पुढे प्राचार्य भाईदासांना विद्यार्थ्यांत संवाद वाढवायची उबळ आली. त्यांनी कुठल्याशा मासिकातलं चित्र आणलं आणि फरशीचा चौक, सिमेंटचे बाक, मधे कारंजं असं ठरवून टाकलं. या फरशीवर उन्हाळ्यात पापड भाजतील, असं कौतिक सरांनी बैठकीत सांगून पाहिलं. कारंज्याने गारवा येईल, असं उत्तर मिळालं. नळाला पाणी दिवसाआड यायचं, तरी सगळ्यांनी माना डोलावल्या.

काम चाललं तोवर झाडं ठेवली, कारण देखरेखीला प्राचार्यांची खुर्ची तिथंच असायची. झाडांमुळे चौकाचा नामफलक रस्त्यावरून दिसेना, म्हणून उद्घाटनाच्या आदल्या दिवशी कुऱ्हाड घातली.

दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना ऊन लागू नये म्हणून चौकात मांडव घातला. मांडव म्हटला की हिरवा डहाळा हवाच, तो लांबून कशाला आणा? पाडलेल्या निंबांच्याच फांद्या वर चढवल्या. त्यांचा फुलोरा पाहुण्यांच्या टोप्यांवर गळत होता, आणि पाहुणे तरुणांनी एकत्र बसून बोलावं यावर घाम न पुसता बोलत होते. कौतिक सरांना शिसारी आली. असली निर्लज्ज सावली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

आभार मानायचं काम त्यांच्याकडेच होतं.

"या दोन्ही कडुनिंबांचे आभार," ते म्हणाले. "काल सकाळपर्यंत ते पोरांना सावली देत होते. आज आपल्याला देताहेत."

पहिल्या रांगेने हसून टाळ्या वाजवल्या. भाईदासांनी तर पाठ थोपटली. त्या हाताचीसुद्धा सरांना किळस वाटली.

मांडव उतरला आणि चौक तापला. पोरं फाटकाबाहेरच्या टपरीवर गेली, मुली घरी. पुष्पा रोज दुपारभर स्टेशनच्या फलाटावर एकटी बसू लागली. ते आबांच्या कानावर गेलं.

आठवड्याने आबा आले. सरांसोबत चौकात उभे राहिले, बाकाला हात लावला आणि झटकन मागे घेतला.

"सर, पोरनी आते बसानं कोठे?"

उत्तराची वाट न पाहता आबांनी पुष्पाचा कॉलेज सोडल्याचा दाखला काढायची खिडकी कुठं आहे ते विचारलं.