पेटीतली मुलगी

मी एक जुनी पेटी आहे. कपडे ठेवायची नव्हे, मित्रांनो. भात्याने श्वास घेणारी, गाणारी पेटी.

माझा जन्म मुंबईचा, पण आतल्या पितळी पट्ट्या जर्मनीहून आलेल्या. "जर्मन सूर आहे!" असं म्हणत शिमशोनआबा मला आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात मोठ्या मानाने पुढ्यात घेत. आबा बेने इस्राएल, कोकणातले ज्यू. दिल्लीला नोकरीत मुरलेले आणि कीर्तनवेडे. मोशेचं आख्यान लागलं की शेजारपाजार टाळ घेऊन येई. केवढं सुख होतं ते!

मग आबा निवृत्त झाले, मुलाने नोएडात फ्लॅट घेतला. भिंती नव्या, माणसं नवी, आणि माझी जागा दिवाणाखाली.

एका संध्याकाळी आबांनी मला बाहेर काढलं. आख्यान होतं जर्मनीतल्या छोट्या लेआचं. तिथे ज्यूंना घराघरांतून धरून नेत होते. "शेजारणीने लेकराला पेटीत लपवलं, झाकण लावलं, आणि जिन्यात बूट वाजले..."

इतक्यात दारावर थाप. "अंकलजी, ज़रा धीरे! बच्चों के एग्ज़ाम हैं!"

सूनबाई ओशाळली. "आबा, पुरे आता." घाईघाईने माझं झाकण पडलं. आत एक पट्टी अडकली, आणि दिवाणाखालच्या काळोखात मी थोडा वेळ बारीक कण्हत राहिले.

ते ऐकलं सहा वर्षांच्या शुलमिथने, आबांच्या नातीने. या घरात कपड्यांच्या पेटीला ट्रंक म्हणत. तिच्या लेखी पेटी म्हणजे फक्त मी.

दुसऱ्या दुपारी तिने मला ओढून काढलं. "लेआ, डर मत. मी आहे ना," असं पुटपुटत तिने कात्रीने माझा भाता टर्रकन कापला. माझा श्वासच गेला. पण रागावू कोणावर?

आबा धावत आले. "शुली! अगं, काय केलंस हे?"

"जर्मन पेटी ना ही? ती आत रडत होती. तुम्ही झाकण उघडलंच नाही!" तिला हुंदका आला. "आता दिसतच नाहीये. मर गई क्या?"

आबा तिच्याजवळ खाली बसले. तिला मांडीवर घेऊन, माझ्याविना, नुसत्या टाळीवर त्यांनी अर्धं राहिलेलं आख्यान पुरं केलं. बूट निघून गेले. शेजारणीने झाकण उघडलं. लेआ बाहेर आली.

"सगळ्यांच्या पेट्या उघडल्या, आबा?"

टाळी थांबली. "नाही गं बाळा. फार थोड्यांच्या."

आता माझ्या भात्याला ठिगळ आहे. सूर जरा धापा टाकतो. पण मला कुणी दिवाणाखाली ढकलत नाही. शुली ढकलू देत नाही.

मित्रांनो, एवढंच मागते. कुठलंही झाकण लावण्याआधी आत कोणी आहे का, ते बघा. आणि कुणाला वाचवण्यासाठी लावलंच, तर उघडायला परत या.