सायडरमधली पुडी

ऑक्टोबर संपला की अमेरिकेतलं आमचं सेलम, चेटकिणींचं गाव म्हणून गाजलेलं, आम्हाला परत मिळतं. टोकदार काळ्या टोप्या घालून महिनाभर हुंदडणारे पाहुणे एकदाचे जातात, गाडी लावायला जागा सापडते, आणि एक नोव्हेंबरच्या दुपारी जुनं थिएटर फक्त गावकऱ्यांसाठी तो काळा-पांढरा सिनेमा लावतं. त्यातली चेटकीण शेजाऱ्यावर भाळते, कॉफीतून त्याला वशीकरण पाजते आणि शेवटी रडत कबूल करते. मग नायक म्हणतो, "जादू केव्हाच उतरली. मी आपला इथंच आहे." हे वाक्य थिएटरातल्या समस्त पुरुषांनी पडद्याबरोबर ओरडायचं, असा आमचा रिवाज. सगळ्यात मोठा आवाज ऑरिनचा. जन्मभर बोटीवरून हाका मारून गळ्याचा भोंगा झालेला.

यंदा ऑरिन कायमचा फ्लोरिडाला, मुलीकडे निघाला होता. तिनं खोलीसुद्धा रंगवून ठेवली होती. संध्याकाळी फोनवर होकार द्यायचा तेवढा बाकी. माझी मैत्रीण थेल्मा दरवर्षी त्याच्या शेजारी बसते, पण 'राहा' एवढा एक शब्द तिच्या तोंडून फुटेना. उलट, पाहुण्यांना जादूटोणा विकणाऱ्या दुकानांना जन्मभर हसलेली ही बाई तिथूनच वशीकरणाची पुडी घेऊन आली आणि थर्मासातल्या गरम सायडरमध्ये, म्हणजे सफरचंदाच्या रसात, ढवळून मोकळी झाली.

"अगं, लायब्ररीत जन्म काढलास तू! लाज नाही वाटली?" मी म्हटलं.

"वाटली ना. म्हणून तर गॉगल लावून गेले."

ऑरिननं एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "थेल्मा, यात मोजे धुतलेस काय?"

"दालचिनी आहे. पी गुमान."

पडद्यावरची चेटकीण रडायला लागली, तशी आमचीही. "ऑरिन, दालचिनी नव्हती रे. वशीकरणाची पुडी होती. म्हटलं, तू राहशील."

अख्ख्या रांगेनं ऐकलं. तेवढ्यात ते वाक्य आलं आणि सगळे पुरुष गरजले. ऑरिन गप्प. पुढचे लोक माना वळवून बघायला लागले. थेल्माचा चेहरा एवढासा झाला. मला तर त्या मेल्याचा असा राग आला की पॉपकॉर्न फेकून मारावेत.

दिवे लागताच थेल्मा पर्स घेऊन उठली. ऑरिननं तिच्या कोटाची बाही धरली.

"बस जरा." मग इतक्या हळू बोलला की मला वाकून ऐकावं लागलं. "जादू केव्हाच उतरली. मी आपला इथंच आहे."

थेल्मा पर्ससकट परत खुर्चीत बसली.

"इतकी वर्षं तुझ्या कानाशी ओरडतोय," तो म्हणाला. "म्हटलं, एकदा हळू सांगून बघू."

"आणि मुलगी?"

"तिला कळवतो. सुट्टीत येईल ती. फक्त हे सायडर तिला पाजू नकोस."

दोघं हातात हात घालून बाहेर पडली. थर्मास खुर्चीखाली तसाच राहिला होता. निम्मा भरलेला. मी इकडेतिकडे बघितलं आणि गुपचूप पिशवीत टाकला.