बारा खणांचा ट्रे

निळा काटा... सेकंदाचा, आणि तोही इतका मोठा करून पाहिलेला की पायऱ्यापायऱ्यांचा झालेला — मोजून अकरा ठिपके, वरचे तीन गडद, खालचे फिकट होत गेलेले. हा आपणच काढलाय, एकेक ठिपका माउसने टोचून, हे तिला आता खरं वाटेना. कोणाला दिसणार होता तो? पडद्यावर तर नखावरच्या पांढऱ्या डागाएवढाच दिसायचा. पण तेव्हा मनगट भरून आलं तरी उठवत नसे, आणि काट्याला निळा रंग हवा तर तो पोलाद तापवल्यावर येतो तोच निळा हवा, शाईचा नको, असा हट्ट. आज कोणी तेवढ्या कामाचे पैसे देतो म्हणालं तरी मी करणार नाही... खोटं. आज सकाळपासून मी तेच करत बसले आहे, आणि छापखान्यातून त्यासाठी चक्क रजा काढली आहे.

बाबांचा जुना संगणक गेले काही महिने दम लागल्यासारखा आवाज करत होता. सकाळी संगणकवाला येऊन त्याच टेबलावर शेजारी नवा बसवून गेला. जुन्याचा पडदा पाहून त्याने हातातली वायर खाली ठेवली. एरवी जिथे कोरी निळाई आणि चार चिन्हं असायची तिथे लाकडी ट्रे, ट्रेला बारा खण, खणांत काटे, तबकड्या, काचा, स्प्रिंगा, आणि बाणाच्या जागी घड्याळजीचा चिमटा. हे कुठून आणलं, असं त्याने विचारलं. तिने सांगितलं की याला स्किन म्हणतात. आतलं यंत्र तेच, वरचे कपडे तेवढे वेगळे. आता असलं कोणी करत नाही, नवं सगळ्यांना सारखंच दिसतं आणि तेच बरं असतं, कोणीही बसलं तरी अडत नाही, असं त्याने समजावलं. अडत नाही म्हणे. तुझ्या आजोबांना बसव त्याच्यासमोर, मग सांग — हे ती मनात म्हणाली, आणि त्याला चहा विचारला.

खरं तर त्या वेडाचे दिवस किती थोडे होते. छापखान्यात नवी नवी लागली होती, समोर करड्या पट्ट्यांचा करडा पडदा, दिवसभर दुसऱ्यांच्या लग्नपत्रिका आणि औषधांच्या खोक्यांची लेबलं जुळवायची... आणि एके दिवशी कळलं की हा करडेपणा बदलता येतो. एक छोटासा प्रोग्राम घातला की खिडक्यांच्या कडा लाकडाच्या होतात, बटणं पितळेची, घड्याळ हवं तिथे, हवं तसं. मग काय, आठवड्याला नवा अवतार. शेवाळी दगडाचा, गंजलेल्या पत्र्याचा, एकदा तर सगळं कापडाचं, खिडकी बंद करायला शिवणीतलं बटण. मुकादम म्हणायचे, बाई, पडद्याची वेणीफणी झाली असेल तर कामाला हात लावा. ती हसायची आणि जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तिथेच. कुठल्या कुठल्या गावांतली माणसं आपापल्या स्किन एकमेकांना पाठवायची. त्यातल्या एकाने, स्वतःला ‘कासव’ म्हणवून घेणाऱ्याने, तिला बटणावर उजेड कसा पाडायचा ते शिकवलं — प्रकाश आधी ठरव, कुठून येतोय ते, मग रंगाला हात लाव. त्याचा चेहरा तिने कधी पाहिला नाही. तो पुरुष आहे हेसुद्धा ती धरूनच चालली होती.

बाबांचा ट्रे मात्र तिने त्या कोणालाच पाठवला नाही. दुकान बंद करून बाबा घरी बसले त्या वर्षीचा तो. चाळीस वर्षं दुसऱ्यांची घड्याळं उघडून बसलेला माणूस, त्याला हातांचं काय करायचं ते कळेना. दादाने संगणक घेऊन दिला, तर बाबा त्याच्यासमोर पाहुण्यासारखे बसायचे. याला आतून बघता येत नाही, म्हणायचे, उघडता येत नाही, आणि कुठे काय ठेवलंय तेही सांगत नाही. तेव्हा तिने तीन आठवडे खपून त्यांना दुकानातला ट्रे करून दिला, सगळा आठवणीतून. शाळा सुटली की ती दुकानातच यायची ना, उंच स्टुलावर बसून पाय हलवत अखंड बडबड करायची, म्हणून तर बाबांनी तिचं नाव टिकटिक ठेवलं. बाराही खण तिला डोळे मिटून दिसत होते, अगदी डावीकडून येणारा खिडकीचा उजेडसुद्धा. तबकड्यांच्या खणात तिने फोटो ठेवले, काचांच्या खणात वर्तमानपत्र, सेलच्या खणात रेडिओ. आणि वरच्या डाव्या कोपऱ्यात काट्यांचा खण; त्यावर चिमटा टेकवला की तिच्या फोनवर निरोप यायचा — उठलो.

आई गेल्यापासून तो निरोप रोज आला. बाबा तिच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे एकटे राहतात ते या एका शब्दावर. साडेसहा ते सातच्या मध्ये ‘उठलो’ आलं की तिचा दिवस सुरू, आणि तीच खबर ती दादाला द्यायची. पण गेले दोन आठवडे निरोप येईना. ती धावतपळत जायची तर बाबा दाढी करून बसलेले, रेडिओ मोठ्याने चाललेला, आणि वर तिलाच विचारणार, मी तर कळवलं तुला, तू का आलीस? वरचा डावा खण सोडून ते खालच्या उजव्यावर टेकवत होते. एकदा नाही, रोज. डॉक्टर म्हणाले, या वयात विसरायला होतं, नवं आधी जातं, जुनं उशिरा, चालायचंच. दादा म्हणाला, चालायचं काय त्यात, रविवारी येतो आणि घेऊन जातो. त्याने एका वृद्धाश्रमात जागा बघून ठेवली होती, चांगली स्वच्छ, बाग असलेली. एकदा बघू, नवा संगणक लावून बघू, एवढंच ती म्हणू शकली. दादा म्हणाला, बघ, रविवारपर्यंत. आज शुक्रवार.

म्हणून हे ठिपके. नव्या यंत्रावर जुनी स्किन चढेना, तेव्हा तिने आताचा कुठलासा प्रोग्राम शोधून एकेक तुकडा पुन्हा जोडायला घेतला होता. खालच्या ओळीतली चित्रं इतकी पुसट झाली होती की स्क्रू कुठले आणि पिना कुठल्या ते तिलाच ओळखू येईना. बाबांना विचारावं... विचारून काय होणार, त्यांना आता डावं-उजवं — पण विचारावंच. तिने एका कागदावर बारा चौकोन आखले आणि जेवणाच्या टेबलाशी त्यांच्या समोर बसली. पेन्सिल हातात धरून तिने विचारलं, काटे कुठे? बाबांनी कागदाकडे नीट पाहिलंही नाही. हात पुढे झाला आणि बोट टेकलं. बरोबर. तबकड्या? बरोबर. स्प्रिंगा, काचा, चाव्या, सेल... बाराच्या बारा, आणि पिनांच्या खणाला मध्ये पुठ्ठ्याची आडभिंत होती हेही त्यांनीच सांगितलं, जे ती साफ विसरली होती.

तिला आनंदाने काही सुचेना. मग पडद्यावर का चुकतात? डोळे? तिने तसाच हात धरून त्यांना जुन्या संगणकापाशी नेलं, म्हटलं काटे दाखवा, तर चिमटा सरळ खाली, उजवीकडे, आणि रेडिओ सुरू. पुन्हा टेबलाशी आणलं. काटे? बरोबर. बाबा जरा वैतागलेच, एवढ्या येरझाऱ्या कशासाठी म्हणून. ती कागदाकडे बघत राहिली. तिच्या बाजूने वरचा डावा चौकोन. तोच बाबांच्या बाजूने... त्यांच्या उजव्या हाताशी, अगदी जवळ. घड्याळजी सगळ्यात जास्त उचलतो ते काटे, ते दुसरीकडे कुठे ठेवील? स्टूल गिऱ्हाइकाच्या बाजूला होतं. मी सगळं समोरून पाहिलं होतं. खण, ओळी, उजेड, सगळं — मी बाबांना त्यांचाच ट्रे उलटा करून दिला होता, आणि तीन आठवडे खपल्याचं कौतुक घरच्यांकडून करून घेतलं होतं.

“बाबा, हे मी उलटं काढलं होतं. अठरा वर्षं. तुम्ही बोलला का नाहीत?”

बाबांनी कागद स्वतःकडे ओढला, मग पुन्हा तिच्याकडे सरकवला.

“तू समोर बसायचीस ना. तुला तसंच दिसायचं.” त्यांनी काट्यांच्या चौकोनावरून बोट फिरवलं. “पडद्यापुढे बसलो की मी तुझ्या स्टुलावर बसायचो, टिकटिक. सवय झाली होती. हल्ली हात ऐकत नाही.”

लाज वाटली तिला, आणि लाजेच्या आत कुठेतरी आनंद, की माणूस शाबूत आहे, चूक माझी आहे, दादाला आत्ताच्या आत्ता सांगते. नव्या संगणकावर तिने बारा चौकोनांचं ते सगळं लाकूड अर्ध्या वर्तुळात फिरवलं. एका आज्ञेचं काम. बाबा येऊन बसले, हात गेला तो नेमका काट्यांवर, आणि दुपारी चार वाजता तिच्या फोनवर ‘उठलो’ आलं. ती मोठ्याने हसली. बाबाही हसले, कशाला ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि उठून गॅलरीत जाऊन बसले.

फोन हातात होताच. दादाचं नाव काढलं आणि अंगठा तिथेच थांबला. काय सांगणार? बरे झालेत? बरे कुठे झालेत, वरचं उतरलं आणि खालचं दिसायला लागलं, एवढंच... आणि वरचं म्हणजे काय उतरलं, तर जेवढी वर्षं ते माझ्या बाजूला येऊन बसले होते तेवढी. आता ते आपल्या जागी परत गेले आहेत. तिथून आणखी किती मागे जातील, आणि तेव्हा समोर मी असेन का, की स्टूल आणायच्याही आधीचं दुकान असेल?

तिने फोन उपडा ठेवला आणि बाबांच्या खुर्चीत बसली. आईचा फोटो बघावा म्हणून तबकड्यांचा खण शोधला तर वर्तमानपत्र उघडलं. पुन्हा टेकवलं तर भलतंच काही. आपण स्वतः रंगवलेल्या खणांत तिला काही सापडेना; हात सारखा जुन्या कोपऱ्याकडे धावायचा, आणि ती त्याला ओढून आणायची, आणि तो पुन्हा... तिसऱ्यांदा चुकलं तेव्हा तिला वाटलं, हे त्यांनी रोज केलं असेल, पहिले कित्येक महिने, एकट्याने, या इथे बसून. आणि मी छापखान्यातून फोन करून ऐटीत विचारायचे, जमतंय ना बाबा? आणि ते जराही न थांबता म्हणायचे, न जमायला काय झालं, अगदी दुकानासारखं आहे.